तिथी बघून धावायचं

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा मी चार वर्षं नियमित धावत होते. सोलापुरात, म्हणजे सपाटीवर. घरातून निघायचं, सरळ रस्ता धरायचा, घड्याळात पाच किलोमीटर झाले की वळायचं आणि परत यायचं. किलोमीटरला सात मिनिटं, उन्हाळ्यात सव्वासात. इतकं ठरलेलं की वाटेवरच्या कुत्र्यांनाही माझी वेळ पाठ झाली होती. रत्नागिरीतल्या पहिल्या रविवारी त्याच हिशेबानं बाहेर पडले आणि दुसऱ्याच किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभी राहिले. समोर चढ, मागे जेमतेम उतरून आलेला उतार, आणि डावीकडे दोन घरांच्या गडग्यांमधून खाली जाणारी पाखाडी. पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. घड्याळ दाखवत होतं, किलोमीटरला नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मला वाटलं घड्याळ बिघडलं.

ऑफिसात विचारलं, इथे धावायला चांगली जागा कुठे? सगळे म्हणाले, मैदानावर जा की. मैदानाला गोल गोल फेऱ्या मारायच्या असत्या तर मग समुद्राकाठी बदली होऊन उपयोग काय? शेजारच्या वहिनी मात्र जिन्यात माझे बूट बघून म्हणाल्या, "गणपतीपुळ्याला लोक चालत जातात. तुम्ही धावत जा." थट्टेनंच म्हणाल्या होत्या. पण मी रात्री नकाशा उघडून बसले. आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं सुमारे पंचवीस किलोमीटर. सोलापुरात मी एकवीस धावले होते. चार किलोमीटर जास्त, एवढंच ना? नकाशा चपटा असतो, तिथेच सगळा घोटाळा झाला.

पहिला पावसाळा वाया गेला असं तेव्हा वाटलं. जुलैमध्ये बूट वाळतच नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा, सकाळी ओलेच. एकदा पाऊस उघडला म्हणून हुरूपानं निघाले आणि एका पाखाडीवर शेवाळावरून सरळ बसले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होत जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. तो किसणीसारखा खरबरीत असतो हे तळहातानं शिकवलं. त्यानंतर मी दोन महिने धावणं सोडून नुसती छत्री घेऊन चालले. रविवारी तीन-तीन तास. मासेमारी बंद होती, मिरकरवाड्यात होड्या ओढून ताडपत्र्यांखाली झाकल्या होत्या, आणि गाव कधी नव्हे इतकं रिकामं होतं.

त्या चालण्यात एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे फार उपयोगी पडली. इथला बराचसा इतिहास चढावर आहे. रत्नदुर्ग किल्ला टेकडीवर, दीपगृह त्याच्याही टोकावर, ब्रह्मदेशातून आणून ठेवलेल्या थिबा राजाचा वाडा उंचावर. ज्याला समुद्रावर नजर ठेवायची तो वर जाणार, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाही वरच नेऊन बसवणार. देवळांचं गणित वेगळं. ती बहुतेक पायथ्याला, गोड्या पाण्याच्या कडेला. भाट्याच्या पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, टोकाला झरी विनायक आहे, नावातच झरा. म्हणजे धावणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ऐतिहासिक वास्तू म्हणजे दमछाक आणि देऊळ म्हणजे पाणी पिण्याची जागा. अपवाद लोकमान्यांचा. टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान, १८५६ सालचं, ऐन गावात, जवळजवळ सपाटीला. तिथून पुढे थोड्या अंतरावर पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीर आणि सावरकरांनी १९३१ मध्ये सर्वांसाठी उघडलेलं. हे दोन्ही मी 'अंग गरम करायचा टप्पा' म्हणून वहीत लिहिले. असं लिहिल्याबद्दल तिन्ही थोरांनी क्षमा करावी.

ऑक्टोबरात खरी सुरुवात केली. पहिला मार्ग किल्ल्याचा. टिळक आळीतून मांडवी, मांडवीवरून मिरकरवाडा, पुढे पेठकिल्ला आणि मग वर भगवतीच्या देवळापर्यंत. मांडवीची वाळू काळसर, आणि किल्ल्याच्या पलीकडे उत्तरेला गेलं की पांढरी. म्हणून इथले लोक एकाला काळा समुद्र म्हणतात, दुसऱ्याला पांढरा. मधे हा एक किल्ला, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, तिन्ही बाजूंना पाणी. बांधला बहामनी काळात. पुढे आदिलशाहीत गेला. शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेतला. या टोकाला किल्ला का, हे वर उभं राहिलं की कुणी सांगावं लागत नाही. दोन्हीकडचे किनारे आणि बंदर एका नजरेत.

पण वर पोचेपर्यंत नजर बुटांवरच असायची. सोलापूरच्या सवयीनं मी चढावरही तोच वेग धरायला बघत होते. छातीत धडधड, पोटऱ्या दगड, आणि वर गेल्यावर पाच मिनिटं नुसतं वाकून उभं. तीन आठवडे हट्टानं तसंच केलं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या पुढे डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई चढत होती. मी धावत होते, ती चालत होती. आमच्यातलं अंतर काही कमी होईना! त्या दिवशी घरी येऊन घड्याळाच्या पडद्यावरून वेगाचा आकडा काढून टाकला. त्याऐवजी एकच नियम ठेवला : चढावर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चालायचं. वाक्य म्हणून मी किल्ल्यावर 'आज शनिवार आहे आणि मला सुट्टी आहे' असं मोठ्यानं म्हणायचे. पेठकिल्ल्यातल्या दोन मुलांनी मला हे म्हणताना पकडलं आणि पुढे कित्येक दिवस मी दिसले की ती तेच ओरडायची. मंगळवारीसुद्धा.

चालण्यात कमीपणा नाही हे पटायला मला महिना लागला. तीव्र चढावर लांब टांगा टाकत धावणं आणि आखूड पावलांनी झपाझप चालणं यांत वेळेचा फरक अगदी थोडा पडतो, श्वासातला फरक मात्र मोठा असतो. वाचलेला श्वास पुढच्या सपाटीवर कामाला येतो. किल्ल्याचा मार्ग मला याच हिशेबानं आवडायला लागला. वर दीपगृह, १८६७ सालचं. पहाटे अंधारात त्याचा झोत फिरताना दिसतो. चढताना मी तो मोजत चढायची, दोन झोतांमध्ये किती पावलं ते. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत भूगोलात पाठ केलेले मतलई वारे इथे पाठीवर प्रत्यक्ष जाणवतात. दहानंतर तेच उलटे होऊन समुद्राकडून खारे वारे सुटतात.

आता भाट्याबद्दल, कारण तिथे मी गुडघा दुखवून घेतला.

काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की भाट्याची पुळण लागते, साधारण दीड किलोमीटर, कडेनं सुरूचं बन. सूर्य मागच्या डोंगरातून येतो, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत वाळूवर ऊन नसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, देवानं ही जागा खास माझ्यासाठी राखून ठेवलीय. जाताना पुळणीवरून, येताना रस्त्यानं, अशा तीन-तीन फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या दिवशी वाळू गुळगुळीत आणि टणक, पाय नुसते उडत होते. पुढच्या शनिवारी त्याच वेळी गेले तर पाणी पार सुरूच्या झाडांजवळ आलेलं, टणक वाळू गायब, आणि उरलेल्या भुसभुशीत उतरत्या पट्ट्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. मऊ वाळूत धावायला टणक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त शिव्या दिल्या.

वहिनींना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अहो ताई, तिथी बघितलीत का?" मला वाटलं काही व्रतवैकल्य सांगतायत. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली. त्यांचं माहेर खाडीकाठचं. लहानपणी आईबरोबर खडपांवर कालवं काढायला जायच्या, आणि ओहोटी चुकली तर रिकाम्या हातानं परत यायच्या. त्यामुळे भरतीचं गणित त्यांच्या आईनं त्यांना पाढ्यासारखं शिकवलेलं : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आतबाहेर. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण धावायला एवढं पुष्कळ. रोजची वेळ पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून एका शनिवारी उघडी पडलेली पुळण पुढच्या शनिवारी पाण्याखाली.

आमच्या पिढीनं शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले नाहीत, त्याचा तोटा हा असा चाळिशीनंतर होतो.

मग वहीत नवा तक्ता झाला. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस, पहाटे सहा ते आठच्या दरम्यान पाणी खूप मागे गेलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्यानं ते जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं, आणि मागे फरशीसारखी ओली टणक वाळू राहते. हे दिवस पुळणीचे. अष्टमीच्या आगेमागे पहाटे भरती, म्हणून ते दिवस डोंगराचे : किल्ला, थिबा, नाहीतर झरी विनायकाजवळून वळणं घेत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढणारा पावस गावचा रस्ता. सोलापुरात माझं वेळापत्रक वाराप्रमाणे होतं, मंगळवारी वेग, रविवारी लांब पल्ला. इथे ते चंद्रानं ठरवलं. कुणी विचारलं 'या रविवारी कुठे?' तर मी 'थांबा, तिथी बघते' म्हणायची, आणि समोरचा माणूस माझ्याकडे आदरानं बघायचा. गैरसमज दूर करायच्या भानगडीत मी पडले नाही.

गुडघ्याचं राहिलंच. तिथी जमली, वाळू टणक मिळाली, तरी नोव्हेंबरात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चमक यायला लागली. आधी फक्त जिना उतरताना, मग तीन किलोमीटर झाले की हमखास. बूट बदलले. नवे बूट महाग होते आणि त्यांनी काहीही फरक पडला नाही. दुकानदार मात्र फार आत्मविश्वासानं बोलला होता. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं गुडघा दाबून बघायच्या आधी विचारलं, "धावता कुठे? दाखवा काढून." मी कागदावर भाट्याच्या फेऱ्या काढल्या. ती म्हणाली, "जाताना समुद्र उजवीकडे. येताना?" येताना रस्ता. म्हणजे वाळूवरून माझं धावणं नेहमी एकाच दिशेनं. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे उजवा पाय दर पावलाला खाली, डावा वर. तीन फेऱ्यांचे साडेचार किलोमीटर मी जणू एक पाय आखूड असल्यासारखी धावत होते, आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा ताणला जात होता. तीन आठवडे विश्रांती, नितंबाच्या स्नायूंचे कंटाळवाणे व्यायाम, आणि पुढे वाळूवरून गेलं तर वाळूवरूनच परत यायचं, तेही जमेल तितकं पाण्याच्या कडेच्या सपाट पट्ट्यावरून. हे तिनं सांगितलं आणि अजून मी तेच पाळते. व्यायाम मात्र आता आठवड्यातून दोनदाच होतात, हे तिला कळू नये.

त्या तीन आठवड्यांत मी थिबा राजाचा वाडा बघितला. आधी चार वेळा त्याच्यासमोरून धावत गेले होते, आत कधी शिरले नव्हते. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, थिबाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं या गावात, त्यातली जेमतेम सहा या वाड्यात. वाड्यापासून पुढे थिबा पॉइंटला गेलं की खाली काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल, सुरूचं बन आणि अरबी समुद्र असा सगळा पसारा दिसतो. त्याचा समुद्र दुसरा, बंगालच्या उपसागराचा. मधे अख्खा देश. तिथे बसून मला माझ्या बदलीचं दुःख जरा बरं वाटलं. नंतर थिबाचा चढ चढताना धाप लागली की मी मनात म्हणायचे, तुला निदान परत जाता येतं.

मिऱ्याचा मार्ग मी फक्त तीनदा केला. पांढरा समुद्र, किनाऱ्याचा बंधारा, आणि त्यावर येऊन विसावलेलं गंजकं जहाज. जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' इथे येऊन अडकलं ते तसंच राहिलं होतं. पहिल्यांदा पहाटे अंधारात ते अंगावर आल्यासारखं दिसलं आणि मी चक्क थांबले. जागा भारी, पण वाटेत कुत्री फार, आणि मासळीच्या गाड्यांचं पाणी रस्त्यावर सांडून निसरडं झालेलं. पांढऱ्या समुद्राला संध्याकाळी नुसतं बसायला जावं.

डिसेंबरात लांब पल्ले सुरू केले आणि उतारानं धडा शिकवला. मी चढाला इतकी घाबरत होते की उतार ही बक्षिसी समजायची. झरी विनायकावरून सड्यावर चढायचं, तिथे सपाटीवर काही किलोमीटर धावायचं (पावसाळ्याच्या अखेरीला याच कातळावर सीतेची आसवं ही रानफुलं जांभळी पसरलेली बघितली होती, आता नुसतं पिवळं गवत), आणि मग घाटी सुसाट उतरायची. उतरताना घड्याळात आकडे बघून हर्षवायू. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठता येईना. मांडीचे पुढचे स्नायू उतारावर ब्रेकचं काम करतात, ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि त्यात त्यांना बारीक इजा होतात. दुखणं उशिरा येतं म्हणून आपण भलत्याच कारणाला दोष देतो. मी दोष दिला होता आदल्या रात्रीच्या मटणाला.

यावर उपाय उतारच. आठवड्यातून एकदा, थोडाच, पण नियमानं. पावलं आखूड आणि भराभर, टाच पुढे फेकायची नाही, धड मागे रेलू द्यायचं नाही. स्नायू एकदा असा मार खातात, मग पुढच्या वेळी त्यांना तितकं लागत नाही. चार आठवड्यांत मला घाटी उतरून ऑफिसचा जिनाही उतरता यायला लागला. जिना हीच माझी परीक्षा होती. घड्याळ खोटं बोलेल, जिना नाही.

घामाचं तर मी धरलंच नव्हतं. सोलापूरचं ऊन कडक, पण घाम वाळतो. इथे डिसेंबरातही पहाटे हवा दमट, घाम नुसता निथळतो, अंग थंड होत नाही. त्याच धावेला नाडी मिनिटाला आठ-दहा ठोके जास्त. आधी घाबरले, मग तेच इथलं प्रमाण धरलं. पाण्यात मीठ-साखर-लिंबू, दर वीस मिनिटांनी दोन घोट. वहिनींनी त्यात कोकम घालून दिलं आणि मग मी लिंबाकडे वळले नाही.

गणपतीपुळ्याचा दिवस आम्ही दिनदर्शिकेवरूनच ठरवला. आम्ही म्हणजे मी आणि वहिनी, कारण एव्हाना त्या स्कूटरवरून पाणी घेऊन यायला तयार झाल्या होत्या. मला आरे-वारेच्या पुळणीवर साडेसातच्या सुमारास ओहोटी हवी होती. साडेसातला ओहोटी म्हणजे दीडला भरती. दीड म्हणजे दोनाची पाऊणपट. पौष वद्य द्वितीया. ती नेमकी कामाच्या दिवशी आली, तर मी रजा टाकली. अर्जात कारण 'वैयक्तिक'. 'ओहोटी' लिहायचा फार मोह झाला होता.

पहाटे सव्वापाचला कपाळावर बॅटरी लावून निघाले. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पहिले दोन तास जवळपास अंधारातच. शिरगाव मागे पडलं, साखरतरच्या खाडीवरच्या पुलावर गार वारा लागला, खाली कुठेतरी होडीचं इंजिन टकटकत होतं. वहिनी पुढे जाऊन थांबायच्या, मी पोचले की बाटली द्यायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, "बोलता येतंय ना?" मी 'आज सुट्टी आहे' म्हणून दाखवायची. बसणीच्या आसपास एका चढावर वाक्य अर्धंच निघालं, तर त्यांनी स्कूटर आडवी घातली आणि चालायला लावलं. आरेच्या जवळ उजाडलं. आधी माडांचे शेंडे दिसले, मग पाण्याचा आवाज कुठून येतोय ते कळलं.

पुळणीवर उतरले तेव्हा सातला वीस मिनिटं होऊन गेली होती आणि पाणी इतकं मागे गेलं होतं की लाटा बघायला मान वर करावी लागत होती. चिटपाखरू नाही. म्हणजे पाखरं होती, सीगल रांगेनं बसलेले, मी जवळ गेले की उठायचे आणि पन्नास पावलांवर पुन्हा बसायचे. वाळू अशी टणक की माझ्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. गुडघ्यासाठी मी पाण्याच्या कडेनं, अगदी सपाटीवरून धावत होते. त्या पट्ट्यात माझा वेग किती होता ते मला माहीत नाही, कारण घड्याळाकडे बघितलंच नाही. तीन महिने ज्याच्यासाठी पाऊणकी केली ते हे होतं.

मग पुळण सोडून रस्ता, आणि चढ. आरे-वारेच्या या चढाची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात, खाली जुळ्या पुळणी आणि मधला डोंगर. छायाचित्रात चढ दिसत नाही. मी तो सगळा चालले, मांड्यांवर हात टेकून. वरच्या वळणावर एक जोडपं गाडी थांबवून फोटो काढत होतं. त्यांनी विचारलं, "काकू, कुठून आलात?" 'रत्नागिरीहून' म्हटलं तर म्हणाले, "बस बंद आहे का?"

नेवरे येईपर्यंत ऊन लागलं होतं आणि पायांचं ओझं झालं होतं. इथून पुढचं लिहिण्यासारखं फारसं नाही. दोन विजेचे खांब धावायचं, एक खांब चालायचं. भंडारपुळ्याला वहिनींनी शेवटचं कोकम दिलं आणि स्कूटर बंद करून दहा पावलं माझ्याबरोबर धावल्या, चपला घालून. मग दोघी हसत उभ्या राहिलो. गणपतीपुळ्याच्या कमानीपाशी पोचले तेव्हा निघाल्याला साडेतीन तास होऊन गेले होते. सोलापूरच्या हिशेबानं पंचवीस किलोमीटरला तीन तासही लागायला नकोत.

मला वाटलं झालं. घड्याळ बंद केलं, समुद्राकडच्या कट्ट्यावर बसले. वहिनी म्हणाल्या, "दर्शन झालं, आता प्रदक्षिणा." इथला गणपती म्हणजे अख्खा डोंगरच, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला, जवळजवळ एक किलोमीटर. मी हात जोडून नको म्हटलं. पण इथवर आपल्याला सांभाळून आणलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? बूट हातात घेऊन निघाले. सपाटीला ठीक होतं. उतार आला आणि मांड्यांनी साफ नकार दिला. मी कठड्याला धरून, खेकड्यासारखी आडवी होऊन, एकेक पाऊल खाली टाकत होते. मागून काठी टेकत एक आजी आल्या, माझ्या बाजूनं पुढे गेल्या, दोन पावलांवर थांबून वळल्या.

"गुडघे ना गो?" त्या म्हणाल्या. "थोडं चालत जा रोज. बरं वाटेल."